दुसरी ओळ माझी

पेण, ४ फेब्रुवारी

गणेश,

नावाआधी काय लिहावं यावर बराच वेळ अडले. ‘प्रिय’ लिहिलं तर खोटं होईल. काहीच लिहिलं नाही तर तू म्हणशील, रागाने लिहिलंय. राग आहे, पण तो नावाच्या आधी मांडायची गोष्ट नाही. म्हणून नुसतं नाव.

मनालीचं लग्न ठरलं, हे तिने तुला माझ्याआधी सांगितलं असणार. एप्रिलच्या शेवटी, इथे पेणलाच. नितेश रोह्याचा, म्हणजे तू आता राहतोस तिथलाच. माझ्यापेक्षा तुझीच त्याच्याशी जास्त वेळा गाठ पडली असेल. मला बरा वाटला. कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल मी हल्ली घाईने मत बनवत नाही.

तिची एकच अट आहे. मंगलाष्टक आपण दोघांनी करायचं. म्हणाली, ‘अख्ख्या पेणची लग्नं तुम्ही दोघांनी गाऊन लावलीत, आणि माझ्याच वेळेला भटजींच्या पुस्तकातलं म्हणायचं का?’ मी म्हटलं, बाबांना विचार. तर म्हणाली, ‘विचारलं. ते म्हणाले, आईला जमतं का बघ.’

मला जमेल.

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून हे पत्र प्रविणभाऊंच्या हाती देते. तुमच्या कंपनीच्या बसने ते रोज पेणहून धाटावला येतातच. तसंही आपण समोरासमोर बसून एकही ओळ केलेली नाही. तुझी रात्रपाळी, माझी सकाळची शाळा. तू ओट्यावर दुधाच्या पातेल्याखाली पहिली ओळ ठेवून झोपायचास आणि मी शाळेच्या कार्यालयात पावत्या फाडता फाडता दुसरी जुळवायची. वृत्त आणि चाल तुझी. नाती भरायची मी: आत्याचं नाव कुठे बसतं, मामाचं कुठे. लोकांना वाटायचं, नवरा-बायको झोपाळ्यावर बसून गातात. आपल्याकडे झोपाळा नव्हता हे मी सुरुवातीला सांगत असे, मग सोडून दिलं.

नियम तोच धरते. पहिली ओळ तुझी, दुसरी माझी, आणि एकाची ओळ दुसऱ्याने बदलायची नाही. हा नियम तूच केलास, मी तुझ्या एका ओळीतला चंद्र काढून टाकला होता तेव्हा.

ओळ पाठव.

अनिता


पेण, १७ फेब्रुवारी

गणेश,

ओळ मिळाली. प्रविणभाऊंनी डब्याच्या पिशवीतून काढून दिली, त्यामुळे कागदाला कालवणाचा वास आहे. आधी त्यांनी हात झटकले. म्हणाले, ‘वहिनी, तुमचा कागद खिशात असला की बसमधी मला भ्या वाटतं. फुटंल बिटंल.’ मी म्हटलं, यात काही स्फोटक नाही. म्हणाले, ‘तुमी लिवलेलं हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या.’

आली आज सजून लेक अमुची, डोळ्यांत पाणी तरी

चांगली आहे. दोनदा गाऊन पाहिली. ‘तरी’वर आवाज खाली उतरतो, तिथे हॉल गप्प होईल. ‘अमुची’ मला खटकलं असं लिहिणार होते. मग स्वतःला विचारलं, शब्द खटकला की त्या शब्दातली दोन माणसं? शब्द ठीक आहे. ‘आमची’ त्या जागी बसत नाही, आणि ती तुझी ओळ आहे.

माझी ही:

गेला सोडुन बाप हात, उरली आईच मागे घरी

गण मोजून पाहिले. कुठे अडखळत नाही. दुसरं काहीतरी सुचावं म्हणून मी चार-पाच दिवस थांबले होते. देवादिकांची नावं घालून पाहिली, तुळशी-वृंदावन घालून पाहिलं. प्रत्येक वेळी वाटलं की दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठी लिहिते आहे. आपल्या मुलीसाठी तरी उसनं लिहू नये.

पुढची ओळ पाठव.

अनिता


पेण, २ मार्च

गणेश,

तू पुढची ओळ पाठवली नाहीस. उलट लिहिलंस: ‘ही काढ. माझ्यासाठी नको, पोरीसाठी काढ. मी हात सोडला नाही, सोडवून घेतला.’

फरक आहे, मान्य. पण तो फरक एका ओळीत बसत नाही. मी प्रयत्न केला.

तू निडीचं नाव पत्रात घेतलं नाहीस, तरी ते आहेच, म्हणून मीच घेते. तुमच्या शेजारच्या प्लँटला आग लागली, कुणी दगावलं नाही, पण त्यानंतर तू डबा घेऊन घरातून निघायचास आणि धाटावला जायच्या ऐवजी निडीच्या स्टेशनवर बाकड्यावर बसून राहायचास. पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचास. डबा तिथेच खायचास. हे तू मला सांगितलंस, फक्त मला, तोंडावर पांघरूण घेऊन. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्या वेळी माझ्या मनात कविता नव्हती. हे मी शपथेवर सांगेन. ती दोन दिवसांनी आली.

आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नात्यांवर लिहिलं, ‘दोन जीव एक’ वगैरे. नातं म्हणजे काय हे मला त्या बाकड्यामुळे कळलं. एक माणूस रोज खोटा निघतो आणि दुसरं माणूस रोज त्याला डबा भरून देतं. मी आजवर लिहिलेल्यांत ती एकच कविता खरी आहे. रोह्याच्या कविसंमेलनाच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, ‘ही वाचू नको.’ मी विचार केला. खरंच केला. त्यात तुझं नाव नव्हतं. स्टेशनचं होतं. निडीच्या जागी दुसरं स्टेशन घालून पाहिलं, ओळ पडत होती.

हॉलमध्ये तुमच्या शिफ्टची माणसं होती. तूच बोलावली होतीस, बायको वाचणार म्हणून. पुढच्या रांगेत बसवली होतीस.

मग कंपनीत तुला ‘निडी’ म्हणायला लागले. ‘काय रं निडी, आज उतरतोस का सरळ येतोस?’ हे मला प्रविणभाऊंकडून कळलं, तू कधी सांगितलं नाहीस. तू सांगणंच थांबवलं होतंस. नंतर रोह्यात खोली घेतलीस. गेल्या दोन वर्षांत मी एकच गोष्ट विचारत आले आहे: त्या कवितेत एक तरी अक्षर खोटं होतं का? तूही खोटं म्हणत नाहीस. तू एवढंच म्हणतोस, ‘ते माझं होतं.’

मंगलाष्टकातली ओळ मी सुडाने लिहिली का, हे रोज डायरीत स्वतःला विचारते. काल उत्तर आलं: थोडी. लपवण्यात अर्थ नाही, म्हणून तुला कळवते. पण सूड थोडा असला म्हणून ओळ खोटी होत नाही.

ओळ बदलायची नाही, हा नियम तुझा आहे.

अनिता


पेण, २४ मार्च

गणेश,

तुझी पुढची ओळ मिळाली. मनालीने फोनवर रडून मागितली म्हणून दिलीस, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मी दिलेल्या उत्तरामुळे दिलीस असा माझा गैरसमज झाला असता.

दोघांनी मिळुनी तुला घडवले, दोघेच आम्ही पुढे

याला माझी:

त्या दोघांतिल एक आज परका, नात्यास गेले तडे

गडबहून तुझी आई आल्या आहेत, लग्नापर्यंत राहतील. मनालीने दोन्ही जोड्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचल्या. आई वाल सोलत होत्या.

मनाली म्हणाली, ‘आई, हे मंगलाष्टक आहे की कोर्टातली साक्ष?’

मी म्हटलं, ‘खोटं काय आहे त्यात?’

‘खोटं काही नाही. पण तिथे मी उभी असणार आहे.’

‘तुला तर सगळं माहीतच आहे.’

‘मला आहे. नितेशच्या आत्याला नाही. ती पुढच्या बाजूलाच बसणार, आणि तिला सगळं ऐकू येतं.’

आई वालावरून नजर न उचलता म्हणाल्या, ‘गो अनिता, तुला मारायला हात नाय लागत. कागद हाय ना.’

मला राग आला. म्हटलं, ‘आई, तो घर सोडून गेला तेव्हा तुम्हीच त्याला शिव्या घातल्या होत्यात.’

‘व्हय, घातल्या. घरात. माईक लावून नाय घातल्या.’

मनाली इतकी हसली की तिला ठसका लागला. मला तेव्हा हसू आलं नाही, नंतर भांडी घासताना आलं. मग मनाली माझ्याजवळ आली आणि अगदी समजुतीने म्हणाली, ‘एक ओळ खोटी लिही ना आई. लोक अख्खा संसार खोटा करतात.’ हे वाक्य चांगलं आहे, असं माझ्या मनात आलं. ती काय मागते आहे हे मनात त्यानंतर आलं. हा क्रम मला आवडला नाही. तरी होता तसा सांगते.

तू लिहिलं आहेस, ‘या ओळी म्हणणार असशील तर मी येत नाही. पोरीला सांग, बापाला ताप आला.’ मी तिला असं सांगणार नाही, कारण तुला ताप आलेला नाही. तू यावंस की येऊ नये, हेही मी सांगणार नाही. तू आला नाहीस तर माझी ओळ अधिकच खरी होईल, एवढं फक्त ध्यानात ठेव.

ती तुझी वाट बघते. हे मी मुद्दाम शेवटी लिहिलं आहे. कुठे लिहिलं तर तुला जास्त लागेल याचा विचार करून.

अनिता


पेण, ५ मे

गणेश,

तू न जेवता गेलास ते मी पाहिलं.

तू समजतोस तसं झालेलं नाही, किंवा अगदी तसंच झालं आहे. मी नीट लिहिते, तूच ठरव. लग्नाच्या आधी एका दुपारी मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. मनाली समोर येऊन बसली. म्हणाली, ‘त्या दोन ओळी म्हणणार नाहीस ना? बाबांना तसं सांगते मी.’ मी पापड उलटत राहिले. ती तिथेच कठड्याला टेकून तुला फोन करायला लागली. ‘बाबा, आईने काढल्या. हो, खरंच. आता या.’ तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. मी हो म्हटलं नव्हतं. पण मला सगळं ऐकू येत होतं आणि मी तिला थांबवलं नाही. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच सांगितलं तर मी खोटी ठरेन.

मनालीने तुला फसवलं नाही. तिला खरंच वाटत होतं. तेवढं तिच्यावर ठेवू नकोस.

पर्यायी ओळी मी रचून ठेवल्या होत्या. तुला हे पटणार नाही, पण होत्या. वृत्तात होत्या, गोड होत्या, तुझं नावही त्यात नीट बसलं होतं. स्टेजवर माईक हातात घेतला तोवर मी त्याच म्हणणार होते. मग समोर तू दिसलास. नवा शर्ट, मुठीत अक्षता, आणि चेहऱ्यावर सगळं मिटलं असल्यासारखं. मिटलं नव्हतं. तुझी ओळ गायले, आणि तिच्यामागे जी यायची तीच आली.

हॉलमध्ये कुणी ऐकत नव्हतं. आपण इतकी वर्षं गायलो आणि मला हे त्या दिवशी कळलं. लोक शब्द ऐकतच नाहीत, ते शेवटाची वाट बघतात. ‘सावधान’ आलं की अक्षता टाकायच्या, आणि मग जेवणाकडे. नितेशच्या आत्या शेजारणीला साडीचा काठ दाखवत होत्या. माझे शब्द दोनच माणसांपर्यंत गेले. एक तू, आणि एक अंतरपाटामागे ती.

तुझा हात वर गेला नाही. तेव्हा फोटोवाला तुला म्हणाला, ‘काका, अक्षता टाका ना. फ्रेममध्ये तुम्हीच एकटे तसे दिसताय.’ आणि तू टाकल्यास. दुसऱ्या कडव्यालाही टाकल्यास. त्याने सांगायच्या आधीच.

अंतरपाट खाली आला तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. कोरडे होते. म्हणजे चार ओळींतली जी एक खोटी ठरली ती तुझी. हे लिहायला नको होतं. खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

जेवणाच्या वेळी एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, ‘काय गायलात हो! माझ्या धाकटीच्या लग्नात असंच्या असं करून द्या.’ मी विचारलं, कोणती ओळ आवडली? म्हणाल्या, ‘सगळंच.’

तुझी आई तुझ्यामागोमाग निघाल्या. चपला शोधून देत होते तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तू लय खरी हायस गो. तुज्या ताटाला ताट लावायचा भ्या वाटतं.’ त्या आता तुझ्याकडेच राहतील असं दिसतं. त्यांच्या गोळ्या इथे राहिल्या होत्या, त्या या पत्राबरोबर पाठवते. पांढरी जेवणाआधी, गुलाबी जेवणानंतर.

अनिता


पेण, ८ जून

गणेश,

प्रविणभाऊ म्हणाले, तू मागचं पत्र फोडलं नाहीस. गोळ्या काढून घेतल्यास आणि पाकीट तसंच लॉकरमध्ये टाकलंस. ‘वहिनी, आता नका देऊ माज्याकडं. त्यो घेतो, पन त्याचा चेहरा बघवत नाय,’ असं म्हणाले. मी म्हटलं, हे शेवटचं. म्हणाले, ‘शेवटचं म्हंजे काय लिवणार? नको, सांगू नका.’ आणि न्यायला तयार झाले.

मनाली माझे फोन उचलते. आधी हे सांगते, म्हणजे तिने संबंध तोडले असा तुझा समज व्हायला नको. उचलते आणि नीट बोलते. तब्येत? बरी आहे. सासू? बऱ्या आहेत. नितेश? बरा आहे. महिनाभर ऐकून मला वाटायला लागलं, मी बँकेत फोन लावते आहे. म्हणून काल स्वतःच रोह्याला गेले.

घर छान आहे. नितेशने खुर्ची पुढे केली, पंखा माझ्याकडे वळवला आणि कामाचं निमित्त काढून बाहेर गेला. मनाली चहा घेऊन आली. कप उजव्या हातात, डावा हात पदराखाली. कप ठेवताना पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती.

‘काय झालं?’

‘काही नाही. बरं आहे.’

‘भाजलं का? कशाने?’

‘आई, चहा घे.’

‘मनाली, कुणी काही...’

‘कुणी काही नाही. झालंच काही तर मी बाबांना सांगेन.’

मी म्हटलं, ‘आईला का नाही?’

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लहान मुलाने गरम भांड्याला हात लावू नये म्हणून आपण लक्ष ठेवतो, तशी. मग म्हणाली, ‘बाबांनी तुला एक गोष्ट सांगितली होती, तोंडावर पांघरूण घेऊन. ती मी रोह्याच्या हॉलमध्ये तुझ्या तोंडून ऐकली. मी तेव्हा बाबांच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात इतका दाबला होता की दोन दिवस बोटं दुखत होती. मला वाटलं होतं, तुला एक संधी द्यावी. मंगलाष्टक ती होती.’

मी म्हटलं, ‘मी खोटं काही...’

‘नाही. तू खोटं कधीच नाही म्हणत.’ तिने कप उचलला, माझा चहा संपला नव्हता तरी. ‘तू ये इथे. सणाला ये, राहा, जेव. चांगलं-वाईट काही मी तुला सांगणार नाही. आणि एक कर. माझ्यावर कविता करू नकोस.’

मी हो म्हटलं. या वेळी गप्प बसले नाही, स्पष्ट हो म्हटलं. तिने मान हलवली आणि मला स्टँडवर सोडायला आली. गाडी सुटेपर्यंत उभी होती, पट्टीचा हात पाठीमागे धरून.

त्या हाताला काय झालं हे तुला माहीत असेल. मला सांगू नकोस असं लिहायचं होतं. पण खरं सांगायचं तर मी रात्रभर तेच विचारत होते, आणि त्यात काळजी किती आणि दुसरं काहीतरी किती हे मला वेगळं करता आलं नाही. तू सांगूच नकोस.

मी तिला दिलेला शब्द पाळणार आहे. कागदावर काही उतरवणार नाही, कुठे वाचणार नाही, तुझ्याकडे दुसरी ओळ मागणार नाही. तरी एक राहतं. पदर सरकला तेव्हा, मी ‘काय झालं’ असं विचारायच्या आधीच, एक ओळ आली. पूर्ण, वृत्तात, जरासुद्धा न अडखळता. ती इथे लिहीत नाही. पण ती झाली आहे, आणि तुला तसं न सांगणं खोटं ठरलं असतं.

अनिता